मेंदूसाठी ब्लूबेरी मागवू, की आपली द्राक्षं-जांभळं पुरतील?

"मॅडम, ब्लूबेरीनं मेंदू तल्लख राहतो म्हणे. मी ऑनलाइन मागवतेय, पण एवढीशी डबी आणि तीन-चारशे रुपये. चालू ठेवू का? की आपल्याकडच्या फळांनी भागेल? आणि फळांनी खरंच डोकं चालतं, मन बरं होतं का?"

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंनी हे विचारलं आहे. सोबत घरची हकिकतही सांगितली आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या. वर्षभरात विसरायला लागल्यात, गॅसवर दूध ठेवून देवघरात जाऊन बसतात, एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बारा वर्षं चालू आहे. घर शाकाहारी. लेक बारावीला, नीटची तयारी करतेय. "वाचलेलं डोक्यात राहत नाही" म्हणते आणि चिडचिड करते. यजमानांचा बेदाण्याचा व्यवहार. गेल्या हंगामात मार खाल्ल्यापासून ते गप्प झालेत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात.

ताई, ब्लूबेरी बंद केलीत तरी काही बिघडणार नाही. फळं मात्र बंद करू नका, उलट वाढवा. पण त्याच्याही आधी या आठवड्यात सासूबाईंचं रक्त तपासून घ्या. मी चोवीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, त्यातली बरीचशी मिरजेत, मेंदूविकारतज्ज्ञांकडून आलेले रुग्ण बघण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, विसराळूपणावर घरच्या घरी फळांचा उपाय सुरू होतो आणि तपासणी सहा महिने मागे पडते. हे सहा महिने फार महाग पडतात.

तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मला पहिली शंका येते ती बी१२ ची. हे जीवनसत्त्व कुठल्याही फळात नसतं, ना ब्लूबेरीत, ना डाळिंबात. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी१२ कमी शोषलं जाऊ शकतं, आणि जोडीला पित्ताची रोजची गोळी असेल तर आणखी कमी. बी१२ घटलं की विसर पडतो, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, मन उदास होतं. घरचे म्हणतात, "वय झालं." मिरजेकडचे एक निवृत्त शिक्षक असेच आले होते. वर्गातल्या मुलांची नावं चाळीस वर्षं पाठ असणारा माणूस नातवाला हाक मारताना अडखळत होता. मुलानं खारका, बदाम, डाळिंबं सगळं सुरू केलं होतं. बी१२ फारच कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि काही महिन्यांत ते पुन्हा स्वतः बाजारात जाऊन हिशोब करून यायला लागले. प्रत्येकाचं असं होत नाही, पण ज्याचं होऊ शकतं त्याचं राहून जाऊ नये. बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब एवढं बघून घ्या. टीव्हीचा आवाज अलीकडे मोठा लागत असेल तर कानही तपासा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण आपल्याला आवरता येतील अशी १४ कारणं मांडली. त्यात मधुमेह, रक्तदाब, नैराश्य, एकटेपणा यांच्याबरोबर ऐकू कमी येणंही आहे.

आता फळांकडे वळू. फळ खाल्लं आणि त्यातलं काहीतरी थेट मेंदूत जाऊन बसलं, असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के वाटा तो एकटा घेतो. एवढं इंधन त्याला रक्त पोचवतं, तेही केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की आधी या बारीक वाहिन्या खराब होतात. फळातलं पोटॅशियम रक्तदाबाला मदत करतं, चोथा साखर सावकाश चढू देतो. त्याच चोथ्यावर आतड्यातले जिवाणू जगतात, आणि ते जे पदार्थ तयार करतात त्यांनी शरीरातली सूज आटोक्यात राहायला हातभार लागतो. म्हणजे फळाचं बरंचसं काम मानेच्या खालीच होतं, मेंदूला त्याचा लाभ मिळतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. फळ ताटात येतं तेव्हा काय बाजूला सरतं? चार वाजता चहाबरोबर खारी, बटर, फरसाण, नाहीतर क्रीमची बिस्किटं, हे आपल्या बहुतेक घरांतलं चित्र आहे. त्या जागी एक पेरू आला तर पेरू मिळाला हा एक फायदा, आणि मैदा, मीठ, वनस्पती तूप टळलं हा दुसरा. भडंग-बिस्किटं तशीच चालू ठेवून वरून महागडी फळं खाल्ली, तर हा दुसरा फायदा हातचा जातो.

ब्लूबेरीचं एवढं नाव कशामुळे झालं तेही सांगते, कारण त्यात तथ्य आहे. अमेरिकेत १९७६ पासून परिचारिकांच्या प्रकृतीचा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांची स्मरणशक्ती वरचेवर तपासली गेली. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या स्त्रिया आठवड्यातून एखादी वाटी ब्लूबेरी किंवा दोनेक वाट्या स्ट्रॉबेरी खात होत्या, त्यांची स्मरणशक्ती सावकाश उतरत होती; हा फरक अडीच वर्षांपर्यंतचा होता. लक्षात घ्या, त्यात स्ट्रॉबेरीही होती, आणि ती तुमच्यापासून तीन-साडेतीन तासांवर महाबळेश्वर-पाचगणीला पिकते. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी तिथलीच असते, २०१० पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. हंगामात भिलारच्या शेतात वीस रुपयांत मूठभर स्ट्रॉबेरी कुणी हातावर ठेवली तर ती त्या डबीपेक्षा ताजी असते.

पण या अभ्यासाला मर्यादा आहे, आणि ती मी प्रत्येकाला सांगते. जी बाई नियमानं फळं खाते ती बहुधा चालायलाही जाते, औषधं वेळेवर घेते, तिची मिळकतही बरी असते. संशोधकांनी हे फरक वजा करायचा प्रयत्न केला होता, तरी सगळे वजा होत नाहीत. म्हणून मग प्रत्यक्ष प्रयोग झाला. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी मेंदूसाठी 'माइंड' नावाचा आहार आखला होता. पालेभाज्या, डाळी, दाणे, अख्खी धान्यं, आणि फळांतून फक्त बेरी वर्गातली फळं. ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षं तो तपासला गेला. २०२३ साली निकाल आला: माइंड आहार घेणारे आणि नेहमीचंच अन्न थोडं कमी खाणारे, दोघांचीही कामगिरी थोडी सुधारली, पण दोघांत ठळक फरक दिसला नाही. त्याच वर्षी आणखी एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. फळं, चहा, कोको यांत असणाऱ्या फ्लॅव्हॅनॉल या घटकाची गोळी साडेतीन हजारांवर ज्येष्ठांपैकी काहींना देण्यात आली होती, आणि बाकीच्यांना तुलनेसाठी साधी गोळी. ज्यांच्या रोजच्या खाण्यात हा घटक कमीच होता, त्यांच्या स्मरणशक्तीत सुधारणा दिसली. ज्यांचं खाणं आधीच बरं होतं, त्यांना विशेष फायदा झाला नाही.

मी याचा अर्थ असा लावते. जो माणूस दिवसात एकही फळ खात नाही, त्याला पहिल्या फळाचा फायदा सर्वांत जास्त. रोज दोन फळं खाणाऱ्यानं तिसरं म्हणून सातासमुद्रापारचं आणलं, तर त्यात पैसे जातील, बाकी फार काही होणार नाही. तुमच्या घरात, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे, सफरचंद आजारपणात येतं आणि केळी उपवासाला. म्हणजे तुमच्याकडे पहिल्याच फळाची जागा रिकामी आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला १०० ग्रॅम फळ आणि ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. शंभर ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू. तिथून सुरुवात करा.

ब्लूबेरीला निळा-जांभळा रंग देणारं द्रव्य अँथोसायनिन. तेच काळ्या द्राक्षाच्या सालीत, जांभळात, करवंदात, तुतीत आणि डाळिंबाच्या दाण्यात असतं. आत्ता तासगाव-मिरज भागात काळी द्राक्षं निघताहेत, आटपाडी-जतची डाळिंबं बाजारात असतातच. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेकडच्या डोंगरातून बायका पाटीत करवंदं घेऊन येतात, आणि पाऊस आला की जांभळं. मोठे अभ्यास झाले ते स्ट्रॉबेरी-ब्लूबेरीवर, त्यामुळे अडीच वर्षांचा आकडा मी करवंदाच्या नावावर चिकटवणार नाही. पण करवंद वाट्याला आलं तर सोडूही नका. आणि द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचं निमित्त करून कुणी वाइन सुचवली तर ऐकू नका. ते द्रव्य वाइनमध्ये अगदी नगण्य असतं आणि दारू मेंदूला अपायच करते.

मधुमेहात द्राक्षं चालतात का, हा सांगलीत मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जवळपास १ लाख ८७ हजार लोकांची माहिती मांडली गेली. त्यात अख्खी फळं खाणाऱ्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद पुढे होती. फळांचा रस पिणाऱ्यांत मात्र ते जास्त होतं. ही माहिती मधुमेह होण्याआधीची आहे, झालेल्यांना ती मोकळीक नव्हे. सासूबाईंना बारा-पंधरा द्राक्षं, दुपारच्या जेवणानंतर लगेच नको, मधल्या वेळेला, आणि सोबत चार शेंगदाणे. रस कुठल्याच फळाचा नको. तुमच्या घरात मला भीती वाटते ती बेदाण्याची. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे साखरही चौपट घट्ट. नमुन्याची पिशवी टेबलावर उघडी असते, जाता-येता चार दाणे तोंडात जातात, आणि "मी गोड काही खात नाही" असं मनापासून सांगितलं जातं. रात्री भिजवलेले बेदाणे चावायला मऊ होतात, पण त्यातली साखर जवळपास तेवढीच राहते. सासूबाईंसाठी दहा दाणे मोजून वाटीत काढा आणि पिशवी कपाटात ठेवा.

लेकीचं थोडं वेगळं आहे. तिच्या वयाच्या, १५ ते १९ वर्षांच्या मुलींत देशात दहापैकी जवळजवळ सहा जणींना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून पुढे आलंय. लोह कमी असलेल्या मुलीला थकवा येतो, लक्ष लागत नाही, आणि घरचे समजतात मोबाइलमुळे झालं. तिचं हिमोग्लोबिन तपासा. कमी निघालं तर डॉक्टर लोहाची गोळी देतील, आणि इथे फळ खरंच कामाला येतं. भाजी-भाकरीतलं, डाळीतलं लोह शरीराला सहज उचलता येत नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर बरंच जास्त उचललं जातं. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या साधारण चौपट. म्हणून मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबरच पेरूच्या दोन फोडी किंवा आवळ्याची चटणी द्या, आणि जेवणानंतरचा चहा तासभर लांब ठेवा. क जीवनसत्त्व मेंदूलाही लागतं. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनापासून नॉरॲड्रेनॅलिन हे तसंच दुसरं रसायन तयार होताना ते हवं असतं. पण गरजेपुरतं मिळालं की झालं, गोळ्या खाऊन बुद्धी वाढत नाही. परीक्षेच्या काळात केळं खा, त्यात 'आनंदाचं रसायन' सेरोटोनिन असतं, असंही मुलांमध्ये फिरतं. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. केळं खावं ते पोटाला आधार म्हणून. सकाळी सातला उपाशीपोटी क्लासला जाणाऱ्या मुलीनं एक केळं आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले, तर नऊ वाजता तिचं लक्ष जास्त टिकेल.

आता तुमच्या यजमानांविषयी. हे मी शेवटी घेतलं कारण यात सर्वांत जपून बोलावं लागतं.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं २०१७ साली केलेला एक छोटा प्रयोग मी फार मानते. फळं-भाज्या कमी खाणारी १७१ तरुण मुलं घेतली. काहींचं खाणं होतं तसं ठेवलं. काहींना मोबाइलवर आठवणीचे संदेश आणि खरेदीसाठी कूपन दिलं. आणि काहींना रोज जादाची दोन फळं-भाज्या, म्हणजे गाजर, संत्रं किंवा किवी, सफरचंद अशी, थेट हातात दिली. दोन आठवड्यांनी या हातात मिळालेल्यांना जास्त ताजंतवानं वाटत होतं, कामाची उमेद वाढली होती. संदेश मिळालेल्यांत असा बदल दिसला नाही. आणि उदासीची लक्षणं तिन्ही गटांत होती तशीच राहिली. मला त्यातून दोन गोष्टी कळल्या. "फळं खात जा" म्हणण्यानं कुणी खात नाही, कापून पुढे ठेवलं की खातो. आणि फळानं उमेद वाढू शकते, पण नैराश्य हा आजार फळ एकट्यानं घालवत नाही.

ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या चमूनं नैराश्याच्या रुग्णांवर त्याच वर्षी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६७ रुग्ण, १२ आठवडे. एका गटाला आहारतज्ज्ञानं संपूर्ण खाणं बदलायला मदत केली. दुसऱ्या गटाशी तेवढाच वेळ गप्पागोष्टी. पहिल्या गटात ३२ टक्के लोक नैराश्याच्या मर्यादेबाहेर आले, दुसऱ्यात ८ टक्के. प्रयोग लहान आहे. पण त्यात भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, दाणे असं सगळं ताट बदललं होतं, आणि बहुतेकांचे आधीचे उपचार चालूच होते, हे विसरू नका.

तर ताई, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशातच रस नाही असं असेल तर त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल" अशा अर्थाचं काही बोलले तर त्याच दिवशी न्या, आणि तोवर एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. आपल्या भागात भाव पडणं, अवकाळी पाऊस, अडकलेली उधारी हे सगळं माणूस आतल्या आत गिळतो. तासगावकडचे एक बागायतदार मला म्हणाले होते, "द्राक्षं इकायची असत्यात म्याडम, खायाची न्हाईत." त्यांच्या घरात पेट्या भरभरून माल जायचा आणि पोरांच्या वाट्याला गळालेले मणी यायचे. त्यांच्या बायकोला मी एवढंच सांगितलं, रोज एक चांगला घड पेटीत जायच्या आधी घरासाठी काढा. तुमच्याकडेही संध्याकाळी सातला एक ताटली कापून मध्ये ठेवा आणि चौघं त्याभोवती दहा मिनिटं बसा. डाळिंब सोलायचं काम सासूबाईंना द्या. हाताला काम राहील, बोलणं होईल, आणि त्यांना कुठे अडखळायला होतंय तेही तुमच्या नजरेला येईल.

फवारणीची भीती तुम्ही विचारली नाहीत, पण द्राक्षं म्हटल्यावर ती असतेच. मण्यांवरचा पांढुरका थर म्हणजे औषधच असं नाही. सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तरी मणी देठापासून सोडवून वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा. ओळखीच्या बागेतून आणत असाल तर शेवटची फवारणी कधी झाली ते मोकळेपणानं विचारा. औषधानुसार काढणीआधी ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात आणि बागायतदाराला ते माहीत असतं. घरात कुणी स्वतः फवारणी करत असेल तर त्यानं अंघोळ करून, कपडे बदलूनच ताटावर बसावं. काही कीटकनाशकं थेट मज्जासंस्थेवर काम करतात.

फळांतही सांभाळायच्या दोन-तीन जागा आहेत. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचा आकडा बिघडलेला निघाला तर मी वर लिहिलेलं फळांचं प्रमाण थांबवा, कारण पोटॅशियम साठून हृदयाला धोका होतो. अशा रुग्णानं करमळ, म्हणजे ताऱ्यासारख्या फोडी पडणारं ते आंबट फळ, अजिबात खाऊ नये. त्यातल्या विषारी द्रव्यानं न थांबणारी उचकी, गोंधळ, अगदी झटकेही येतात. कोलेस्टेरॉलची किंवा फिट्सची गोळी चालू असणाऱ्यांनी पपनस खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्यानं वाढतं.

सासूबाईंचे आकडे आले की बी१२ आणि क्रिएटिनिन हे दोन आधी कळवा. क्रिएटिनिन ठीक असेल तर रोजचं प्रमाण दीडशे ग्रॅमपर्यंत नेऊ, आणि तोवर स्ट्रॉबेरीचा हंगाम संपत आलेला असेल, म्हणून लेकीला या रविवारी दोन पेट्या आणायला सांगून ठेवा.